केळीची रानटी भावकी: नावं कशी पडली, कशी बदलली

पिकलेलं केळं आडवं कापलं की मधोमध तीन कप्प्यांच्या खुणा दिसतात आणि त्यांच्या कडेने काळसर, बारीक ठिपके. हे ठिपके म्हणजे कधीच न वाढलेली बीजांडं. रानटी केळीच्या फळात नेमक्या याच जागी पाच-सहा मिलिमीटरच्या, दाताखाली न फुटणाऱ्या काळ्या बिया खच्चून भरलेल्या असतात. गर असतो तो बियांच्या फटींतून चिकटलेला, नावापुरता. आपण जे केळं खातो ते या रानटी झाडांच्या संकरातून आलेलं आहे. त्याला बिया धरत नाहीत, त्यामुळे माणसाने मुनवे, म्हणजे कंदाला फुटणारी पिलं, काढून लावल्याशिवाय त्याचा वंश पुढे जात नाही.

आता या सगळ्या भावकीला शास्त्रीय नावं द्यायची, कोण कोणाचा कोण ते ठरवायचं, म्हणजे आधी रानातली मूळ झाडं ओळखावीत, त्यांना नावं द्यावीत आणि मग त्यांच्यापासून झालेल्या पिकाकडे वळावं, हा सरळ क्रम. केळीच्या बाबतीत तो पूर्ण उलटा झाला. लेकरांना आधी नावं मिळाली आणि आईबापांना कितीतरी उशिरा. केळीच्या नावांमधला आजचा बहुतेक गोंधळ या एका गोष्टीतून निघालेला आहे, असं माझं मत आहे. ती गोष्ट नीट समजली की बाकीच्या गाठी आपोआप सुटत जातात.

बिनबियांच्या केळीला मिळालेलं नाव

सजीवांना दोन शब्दांचं लॅटिन नाव देण्याची पद्धत ज्याने रूढ केली तो स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनेयस. तरुणपणी तो नेदरलँड्समध्ये जॉर्ज क्लिफर्ड नावाच्या धनाढ्य माणसाच्या हार्टेकांप इथल्या बागेत काम करत होता. तिथल्या काचघरात केळीचं एक झाड होतं. त्याला लिनेयसने फुलवून दाखवलं आणि 1736 साली त्या एकाच झाडावर छोटंसं पुस्तक लिहिलं. पुढे 1753 साली त्याने केळीला 'मुसा पॅराडिसिआका' हे नाव दिलं आणि 1759 साली दुसऱ्या एका केळीला 'मुसा सेपियंटम'. वनस्पतींच्या नावांचा कायदेशीर हिशोब 1753 पासूनच सुरू होतो, त्यामुळे या नावांना फार मोठं वजन आहे.

अडचण अशी की लिनेयसच्या हाती होती ती लागवडीची, बिनबियांची केळी. 'पॅराडिसिआका' हे शिजवून खायच्या केळीचं नाव आणि 'सेपियंटम' हे पिकवून खायच्या केळीचं. या दोन स्वतंत्र जाती आहेत असं त्याला वाटलं. प्रत्यक्षात दोन्ही संकर निघाले, आणि तेही एकाच रानटी जोडप्याचे. शिजवायचं केळं आणि खायचं केळं हा फरक स्वयंपाकघरातला आहे, निसर्गातला नाही. आज 'पॅराडिसिआका'च्या आधी गुणाकाराचं चिन्ह लावतात. हे नाव संकराचं आहे, असा त्याचा अर्थ.

खरे आईबाप कागदावर आले ते 1820 साली. इटलीतल्या तुरीनचा लुईजी कोला याने 'मुसा अक्युमिनाटा' आणि 'मुसा बाल्बिसियाना' ही दोन नावं प्रसिद्ध केली. म्हणजे लेकराच्या नावानंतर 67 वर्षांनी. आणि तेव्हाही ही दोन झाडं जगातल्या बहुतेक केळींचे पूर्वज आहेत, हे कोणाच्या ध्यानात आलेलं नव्हतं.

मधल्या काळात नावांचं पेव फुटलं. एखादी केळी बुटकी दिसली की नवी जात, सालीचा रंग वेगळा दिसला की नवी जात. 'मुसा नाना', 'मुसा कॅव्हेंडिशी' ही त्यातलीच. यांतली बहुतेक झाडं म्हणजे शेतकऱ्यांनी जपलेले वाण होते. रानात स्वतःच्या बियांवर वाढणारी, पिढ्यानपिढ्या टिकणारी जात वेगळी आणि मुनव्यांतून चाललेला वाण वेगळा, हा भेद पुसला गेला होता.

कागदावर न मावणारं झाड

यात सगळा दोष माणसांचा नाही, झाडाचाही आहे. नव्या वनस्पतीला नाव देताना एक नमुना कायमचा नेमून द्यावा लागतो. तो दाबून, वाळवून कागदावर डकवतात आणि वनस्पतिसंग्रहात ठेवतात. त्याला टाइप नमुना म्हणतात. उद्या वाद झाला की शेवटचा शब्द त्या नमुन्याचा. गवताची काडी किंवा लहानसं रोपटं असेल तर सगळं झाड एका कागदावर बसतं. केळीचं पान दोन-तीन मीटर लांब. बुंधा म्हणजे पानांच्या देठांची एकावर एक गुंडाळी, सगळी पाण्याने भरलेली. केळफूल मांसल, ते दाबलं की काळं पडतं. त्यामुळे संग्रहात येतो तो पानाचा एक तुकडा, काही फुलं आणि कधी नुसती फळं.

आणि ओळखीच्या खुणा तर नेमक्या वाळवताना नाहीशा होणाऱ्या. केळफुलावरची जी लाल-जांभळी आवरणं आपण एकेक करून सोलतो त्यांना शास्त्रीय भाषेत छद म्हणतात. छद आतून कुठल्या रंगाचा आहे, तो रंग तळापर्यंत सारखा आहे की फिका होत जातो, फुलं उघडल्यावर छद मागे गुंडाळतो की नुसता उचलला जातो, केळफूल आभाळाकडे तोंड करून आहे की खाली लोंबतंय, बुंध्यावर मेणासारखी पांढरी भुकटी आहे का, या गोष्टींवर सगळा निवाडा असतो. वाळलेल्या तपकिरी तुकड्यावर यातलं फारसं काही उरत नाही. म्हणून केळीच्या कित्येक नावांना आधार आहे तो नमुन्याचा नव्हे, चित्राचा. त्यातलं कुठलं नाव नेमक्या कुठल्या चित्राला किंवा नमुन्याला बांधायचं, हे काम इतकं रखडलं होतं की मार्कू हॅकिनेन आणि हेन्री व्हॅरे या फिनलंडच्या अभ्यासकांनी मुसाच्या नावांची टाइपांसह झाडाझडती 2008 साली प्रसिद्ध केली. लिनेयसनंतर अडीचशे वर्षांनी! असल्या कामाला प्रसिद्धी मिळत नाही. पण तेवढं झाल्याशिवाय पुढचं एकही विधान भक्कम पायावर उभं राहत नाही.

कुळाबाहेरचे आणि कुळातले

आधी एक गैरसमज बाजूला करू. केळीसारखी पानं असलेलं प्रत्येक झाड केळीचं नातलग नसतं. बागेत लावतात ती हेलिकोनिया पाहिली की कोणालाही केळीच आठवते. खुद्द लिनेयसने 1753 साली एका हेलिकोनियाला 'मुसा बिहाई' म्हटलं होतं आणि नंतर 1771 साली तिला 'हेलिकोनिया बिहाई' या नावाने वेगळं काढलं. पंख्यासारखा पसरलेला ट्रॅव्हलर्स पाम हाही पाम नाही आणि केळीही नाही. ही सगळी आणि त्यांच्यासोबत आलं, हळद, कर्दळ अशी आठ कुळं एका मोठ्या गणात येतात. त्यांचं नातं आहे, पण लांबचं.

केळीच्या स्वतःच्या कुळात, म्हणजे मुसेसीमध्ये, फक्त तीन प्रजाती आहेत: मुसा, एन्सेटे आणि मुसेला. मराठी वनस्पतिशास्त्रात प्रजाती हा वरचा गट आणि जाती त्याच्या आतली, हे इथे लक्षात ठेवावं. मुसामध्ये साधारण 70 ते 80 जाती धरल्या जातात. एन्सेटेमध्ये जेमतेम आठ-दहा. मुसेलात सरळ एकच.

एन्सेटेची कथा सांगण्याजोगी आहे. इथिओपियात या झाडाच्या बुंध्यातलं आणि कंदातलं पीठ हे कोट्यवधी लोकांचं मुख्य अन्न आहे. त्याचं फळ कोणी खात नाही. 18व्या शतकात जेम्स ब्रूस या स्कॉटिश प्रवाशाने त्याचं वर्णन युरोपात नेलं आणि 1791 साली ग्मेलिनने त्याला 'मुसा एन्सेटे' म्हटलं, म्हणजे केळीच्याच प्रजातीत घातलं. 1862 साली होरानिनोव्ह याने ही वेगळी प्रजाती आहे असं सांगून 'एन्सेटे' हे नाव दिलं. त्याचं कोणी मनावर घेतलं नाही. 1893 साली बेकरने केळींची मोठी मांडणी केली, तिच्यातही ही झाडं मुसाच्या आतच राहिली. शेवटी 1947 साली त्रिनिदादमध्ये केळीवर काम केलेल्या चीझमनने होरानिनोव्हचं म्हणणं बरोबर असल्याचं पुराव्यानिशी दाखवलं.

पुरावा काय होता? मुसाच्या कंदाला मुनवे फुटतात. एक झाड घड देऊन मेलं तरी शेजारी त्याची पिलं उभी असतात. एन्सेटेला बहुधा मुनवे फुटतच नाहीत. एकच बुंधा, तळाशी सुजल्यासारखा फुगलेला. तो एकदा फुलतो, फळतो आणि संपूर्ण झाड मरतं, मागे राहतात त्या फक्त बिया. त्या बियाही मुसाच्या मानाने कितीतरी मोठ्या, सेंटिमीटरभर आणि त्याहूनही जास्त. शिवाय पेशीतली गुणसूत्रं: एन्सेटेत 9 जोड्या, तर खायच्या केळीच्या रानटी पूर्वजांत 11. इतक्या खुणा एकाच दिशेने बोट दाखवत असतील तर वेगळी प्रजाती मानणं रास्त आहे.

याच प्रजातीतलं एक झाड सह्याद्रीत कड्याकपारींवर वाढतं, तेच रानकेळ, कवदर किंवा चवई. उन्हाळ्यात पानं झडून जमिनीलगत नुसता गड्डा उरतो आणि पाऊस पडला की त्याच गड्ड्यातून मोठाली पानं उसळून वर येतात. विल्यम रॉक्सबर्ग याने त्याला 'मुसा सुपर्बा' म्हटलं होतं. चीझमनने प्रजाती बदलली आणि पूर्ण नाव झालं: एन्सेटे सुपर्बम (रॉक्सबर्ग) चीझमन. शास्त्रीय नावापुढची ही माणसांची नावं बरेच जण वाचताना सोडून देतात. पण सगळा इतिहास तिथेच लिहिलेला असतो. कंसातला माणूस म्हणजे ज्याने ती जात पहिल्यांदा वर्णिली तो. कंसाबाहेरचा म्हणजे ज्याने तिला आजच्या प्रजातीत आणून बसवलं तो. 'सुपर्बा'चं 'सुपर्बम' झालं कारण लॅटिन व्याकरणात विशेषणाचं लिंग प्रजातीच्या नावाप्रमाणे चालतं. नावातला मूळ शब्द मात्र रॉक्सबर्गचाच राहिला. तो बदलण्याचा अधिकार चीझमनला नव्हता, कारण आधी प्रसिद्ध झालेलं योग्य नाव टिकतं, हा नामकरणाचा सगळ्यांत कडक नियम आहे.

तिसरी प्रजाती मुसेला. चीनच्या युन्नान भागातलं हे बुटकं झाड. बुंध्याच्या टोकावर पिवळ्याधमक छदांचं मोठं फूल कमळासारखं उघडतं आणि कित्येक महिने तसंच राहतं. फ्रांशेने 1889 साली त्याला मुसात घातलं. चीझमनने एन्सेटेत हलवलं. 1978 साली चिनी वनस्पतिशास्त्रज्ञांनी त्याची स्वतंत्र प्रजाती केली. एकाच झाडाने तीन घरं पाहिली. कारण त्याच्या खुणा खरोखरच दोन्हीकडच्या आहेत: मुनवे मुसासारखे फुटतात, गुणसूत्रांच्या जोड्या एन्सेटेसारख्या 9. डीएनएने त्याला एन्सेटेच्या अगदी जवळ नेऊन ठेवलंय, इतकं जवळ की दोन्ही प्रजाती एकच कराव्यात असं म्हणणारेही आहेत. मला स्वतःला मुसेला वेगळी ठेवणं पटतं. पण दुसरी बाजूही चुकीची म्हणता येणार नाही. रेषा कुठे ओढायची हे शेवटी माणूस ठरवतो, नातं मात्र तो ठरवत नाही.

या भावकीचा पसारा पूर्वी किती मोठा होता याचा एक पुरावा अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात मिळाला. तिथल्या सुमारे 4 कोटी 30 लाख वर्षं जुन्या खडकात एन्सेटेच्या बियांचे जीवाश्म सापडले. आज संपूर्ण अमेरिका खंडात या कुळातलं एकही झाड मूळचं नाही.

मुसाच्या आतले गट

मुसाच्या 70-80 जाती सरसकट एका ढिगात ठेवून कोणाचंच काम भागत नाही. चीझमनने त्यांचे चार गट पाडले. ज्यांचं केळफूल लोंबतं आणि गुणसूत्रांच्या 11 जोड्या असतात तो युमुसा. आपली खायची केळी या गटातून आली. 11च जोड्या, पण केळफूल ताठ उभं, छद गुलाबी-नारिंगी आणि एकेका छदाखाली मोजकी फुलं, तो रोडोक्लामिस. 10 जोड्यांचे दोन गट, ऑस्ट्रालिमुसा आणि कॅलिमुसा. ऑस्ट्रालिमुसात फिलिपिन्सची 'मुसा टेक्स्टिलिस' येते, जिच्या बुंध्यातून अबाका नावाचा दोरखंडाचा धागा काढतात. पॅसिफिक बेटांवरच्या फेई केळीही याच गटातल्या पूर्वजांच्या. त्यांचे घड लोंबत नाहीत, सरळ उभे असतात.

पुढची 50-60 वर्षं ही मांडणी चालली. पण कुरबुर सुरू झालीच. न्यू गिनीच्या डोंगरात केळीचा अभ्यासक सिमंड्स याला सापडलेली 'मुसा इंजेन्स' ही जगातली सगळ्यांत उंच केळी. तिच्यात गुणसूत्रांच्या 7च जोड्या निघाल्या. तिच्यासाठी पाचवा गट काढावा लागला. बोर्निओतल्या 'मुसा बेकारी'मध्ये 9 जोड्या. तीही कुठल्याच चौकटीत बसेना.

मग डीएनएच्या चाचण्या आल्या. त्यात दिसलं की रोडोक्लामिस आणि युमुसा या दोन वेगळ्या फांद्या नाहीतच. ताठ केळफुलाच्या 'मुसा ऑर्नाटा' आणि 'मुसा व्हेल्युटिना' यांसारख्या जाती लोंबत्या केळफुलाच्या जातींमध्ये मिसळलेल्या निघाल्या. म्हणजे केळफूल वर की खाली हा फरक डोळ्यांत भरणारा असला तरी वंशाचा पुरावा म्हणून कच्चा होता. ऑस्ट्रालिमुसा आणि कॅलिमुसा यांचंही तेच झालं. 2013 साली हॅकिनेनने पाचाचे दोन गट केले: 11 जोड्यांचा 'मुसा' आणि बाकी सगळ्यांचा 'कॅलिमुसा'. युमुसा हे नाव यात गेलं, कारण प्रजातीचा टाइप ज्या गटात असतो त्या गटाला प्रजातीचंच नाव द्यावं लागतं. आणि मुसा प्रजातीचा टाइप कोणता? लिनेयसची 'मुसा पॅराडिसिआका'. संपूर्ण प्रजातीचं नाव ज्या जातीला बांधलंय ती स्वतःच संकर! नियम नियमाच्या जागी बरोबर आहे, पण आधी लेकराचं नाव घेतल्याचा परिणाम किती खोलवर जातो ते इथे दिसतं.

दोन गटांची ही मांडणी मला पटते. जुनी नावं मात्र बागकामाच्या आणि पैदाशीच्या लिखाणात अजून भेटत राहतात. 'रोडोक्लामिस' असं कुठे वाचलं तर ते चूक समजू नये. ताठ केळफुलाच्या, शोभिवंत छदांच्या केळी एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

ए आणि बी

आता लागवडीच्या केळींकडे. त्यांच्या लॅटिन नावांचं जंगल साफ केलं ते सिमंड्स आणि शेफर्ड यांनी, 1955 साली. त्यांची कल्पना अशी: खायच्या बहुतेक केळी दोनच रानटी जातींपासून झाल्या असतील, तर प्रत्येक वाणात अक्युमिनाटाचा अंश किती आणि बाल्बिसियानाचा किती, ते झाड बघून ठरवता आलं पाहिजे. त्यांनी 15 खुणा निवडल्या. प्रत्येक खूण थेट अक्युमिनाटासारखी असेल तर 1 गुण, थेट बाल्बिसियानासारखी असेल तर 5, अधलीमधली असेल तर मधले गुण. निव्वळ अक्युमिनाटाची बेरीज 15, निव्वळ बाल्बिसियानाची 75, आणि संकर त्यांच्या मध्ये कुठेतरी.

या खुणा प्रत्यक्ष पाहण्यासारख्या आहेत. अक्युमिनाटाच्या बुंध्यावर तपकिरी-काळे डाग असतात, बाल्बिसियानाचा बुंधा जवळजवळ स्वच्छ. पानाच्या देठावर जी पन्हळ असते तिच्या कडा अक्युमिनाटात बाहेर पसरलेल्या, बाल्बिसियानात आत वळून मिटलेल्या. अक्युमिनाटाचा छद अरुंद, टोकदार. फुलं उघडली की तो मागे गुंडाळत जातो. बाल्बिसियानाचा छद रुंद, आतून एकसारखा गडद किरमिजी. तो उचलला जातो पण गुंडाळत नाही. माझ्या मते सगळ्यांत सुंदर खूण बीजांडांची आहे. कोवळं फळ धारदार पात्याने उभं चिरलं आणि भिंगाखाली धरलं की अक्युमिनाटाच्या प्रत्येक कप्प्यात बीजांडांच्या दोन नीट ओळी दिसतात. बाल्बिसियानात चार, आणि त्याही वेड्यावाकड्या. पिकल्या केळातले ते काळे ठिपके म्हणजे याच ओळींचे अवशेष.

गुणांना गुणसूत्रांच्या संख्येची जोड दिली की वाणाचा गट ठरतो. अक्युमिनाटाच्या 11 गुणसूत्रांच्या संचाला ए आणि बाल्बिसियानाच्या संचाला बी म्हणतात. जगाच्या बाजारातली कॅव्हेंडिश केळी एएए, म्हणजे अक्युमिनाटाचेच तीन संच, एकूण 33 गुणसूत्रं. तिनाच्या जोड्या लागत नाहीत, म्हणून बीज तयार होत नाही. लिनेयसच्या दोन्ही 'जाती' निघाल्या एएबी. शिजवायच्या बऱ्याच केळी एबीबी. वाणाला लॅटिन जातिनाम देण्याची गरजच उरली नाही. 'मुसा, एएए गट, कॅव्हेंडिश उपगट' एवढं पुरतं, आणि 'मुसा कॅव्हेंडिशी'पेक्षा त्यात कितीतरी जास्त खरं सांगितलेलं असतं. पुढच्या काळात काही वाणांची मापं डीएनएने दुरुस्त केली, आणखी दोन अक्षरं जोडली गेली: न्यू गिनीच्या 'मुसा शायझोकार्पा'साठी एस आणि टेक्स्टिलिसच्या बाजूच्या केळींसाठी टी. चौकट मात्र 1955 सालचीच आहे. केळीच्या अभ्यासात यापेक्षा उपयोगी काम क्वचितच झालं असेल.

एक जात की अनेक?

ए म्हटलं म्हणजे एक ठरावीक झाड, असं मात्र नाही. अक्युमिनाटा ईशान्य भारतापासून न्यू गिनीपर्यंत पसरलेली आहे आणि प्रत्येक प्रदेशात तिचं रूप वेगळं. मलेशियातली मालाक्सेन्सिस, जावातली लाल-तपकिरी ठिपक्यांच्या पानांची झेब्रिना, न्यू गिनीतली बँक्सी, म्यानमारच्या बाजूची बर्मानिका. यातल्या कित्येकींना पूर्वी स्वतंत्र जाती मानलं होतं. आज त्यांना अक्युमिनाटाच्या उपजाती समजतात.

हा नुसता नावांचा खेळ नाही. या उपजातींच्या गुणसूत्रांचे काही तुकडे एकमेकांत अदलाबदल झालेले आहेत. दोन उपजातींचा संकर झाला की गुणसूत्रांच्या जोड्या नीट जुळत नाहीत, पराग आणि बीज कमी धरतं. माणसाने एका बेटावरचे मुनवे दुसऱ्या बेटावर नेले, तिथल्या उपजातीशी संकर झाला आणि कमी बियांची झाडं जन्मली. बिनबियांच्या केळ्याची सुरुवात या भेटींमधून झाली. उपजाती ओळखल्या नसत्या तर ही गोष्ट कधीच उलगडली नसती.

उलट बाजूचा धोकाही आहे. ईशान्य भारत, अंदमान, बोर्निओ, व्हिएतनाम इथून गेल्या वीसेक वर्षांत नव्या रानटी केळींची बरीच वर्णनं आली. लिटल अंदमानची 'मुसा इंडअंदमानेन्सिस' 2014 सालची. रानात खरंच अजून न पाहिलेली झाडं आहेत, यात शंका नाही. पण एखाद्या दरीतला एकच समूह पाहून, छदाचा रंग थोडा वेगळा म्हणून नवी जात जाहीर करणं मला धाडसाचं वाटतं. रंग एकाच जातीत बदलतो. सीमेपलीकडच्या देशात तेच झाड आधीच दुसऱ्या नावाने नोंदलेलं असू शकतं, कारण दरी आणि डोंगर सीमा पाळत नाहीत. बागेतल्या एकाच झाडावरून केलेलं वर्णन तर त्याहून लंगडं. नाव स्थळाची खात्री देत नाही, याचं जुनं उदाहरण 'मुसा बास्जू'. जपानी केळी म्हणून ती जगभर विकली जाते, वर्णनही जपानमधून झालं, आणि मूळची ती दक्षिण चीनची.

नाव चुकलं तर काय बिघडतं?

कॅव्हेंडिशची सगळी झाडं जवळजवळ एकाच साच्यातली आहेत, कारण ती मुनव्यांतून वाढवलेली. मातीतल्या फ्युझेरियम बुरशीचा टीआर-4 हा प्रकार एकदा शेतात शिरला की कॅव्हेंडिश तग धरत नाही. प्रतिकारशक्ती शोधायची ती रानटी नातलगांत. मालाक्सेन्सिस या उपजातीच्या काही झाडांत ती सापडली. त्यातलंच एक जनुक कॅव्हेंडिशमध्ये घालून ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी क्यूसीएव्ही-4 हा वाण तयार केला आणि 2024 साली तिथल्या सरकारने त्याला मंजुरी दिली. करपा रोगाविरुद्धच्या पैदाशीत वर्षानुवर्षं वापरलं गेलेलं 'कलकत्ता-4' हेही अक्युमिनाटाच्याच एका रानटी उपजातीचं झाड. 2012 साली अक्युमिनाटाचा पूर्ण जनुकसंच वाचला गेला, तोही मालाक्सेन्सिसच्या झाडाचा. बेल्जियममधल्या लूव्हेन इथल्या जागतिक केळीसंग्रहात 1500 हून अधिक नमुने जपले आहेत. तिथे नमुन्यावरची चिठ्ठी चुकीची असेल तर पैदासकाराची कित्येक वर्षं वाया जातात.

वाचवायचं काय हेही नावावरच ठरतं. मादागास्करमधली 'एन्सेटे पेरिएरी' नष्ट होण्याच्या अगदी काठावर आहे. आफ्रिकेतल्या एन्सेटेचाच एक प्रकार म्हणून तिला गृहीत धरलं असतं तर धोक्याच्या यादीत तिची वेगळी नोंद झाली नसती. आणि अलीकडे लागवडीच्या केळींच्या डीएनएत अशा पूर्वजांच्या खुणा दिसल्या आहेत जे अजून कोणाला रानात सापडलेलेच नाहीत. ते कुठल्या तरी दरीत उभे असतील, किंवा दुसऱ्याच नावाखाली संग्रहात पडून असतील.

म्हणून रानात बियांची केळी दिसली तर पानांचा फोटो काढून थांबू नये, नुसत्या पानांवरून फारसं काही ठरत नाही. संपूर्ण केळफूल, ते वर आहे की खाली हे दिसेल असं. उघडलेल्या छदाची आतली आणि बाहेरची बाजू. नर फुलं जवळून. बुंध्याचा तळ, शेजारी मुनवे आहेत की नाहीत ते. देठाची पन्हळ. एखादं पडलेलं फळ आडवं आणि उभं कापून, बियांशेजारी मोजपट्टी ठेवून. सोबत जागा, उंची आणि तारीख. झाड जागेवरच राहू द्यावं. एवढ्या नोंदींवरून अभ्यासक निदान प्रजाती आणि गट नक्की सांगू शकतो, आणि बऱ्याचदा जातही.